बाहुलीचा परकर: मागची शिवण सगळ्यात शेवटी

ब्लाउज शिवून उरलेला खणाचा तुकडा टाकू नका. बार्बीच्या मापाच्या, म्हणजे साधारण २९ सेंमी उंच बाहुलीचा परकर त्यात आरामात होतो. २८ सेंमी लांब, १८ सेंमी रुंद पट्टी कापा. लांब बाजू काठाला धरून कापलीत तर खाली दुमडायचं कामच उरत नाही. काठच परकराचा घेर होतो.

आता मुख्य गोष्ट. आपण सवयीने आधी बाजू जोडतो आणि मग त्या बोटभर नळीत इलॅस्टिक घालताना वैतागतो. इथे उलट करा. कापड सपाट असतानाच वरची कड दीड सेंमी दुमडून शिवा. अर्धा सेंमी रुंदीचं इलॅस्टिक सेफ्टी पिनेने ओवा, एक टोक टाचून टाका, बाहुलीच्या कमरेला लावून खेचून पाहा आणि मगच दुसरं टोक टाचा. मागची उभी शिवण अगदी शेवटी. टाके बारीक घाला, कारण मुली दिवसातून दहा वेळा कपडे बदलतात.

लाल किंवा काळा खण आधी धुऊन घ्या. त्याचा रंग बाहुलीच्या पायांवर उतरला की सहजी निघत नाही.

पोलकं शिवायचं असेल तर पाठ पूर्ण उघडी ठेवून वेल्क्रो लावा. बाही चढवताना बोटं अडकतातच. हातावर प्लॅस्टिकच्या पिशवीचा तुकडा गुंडाळला की सरकन जाते. टिकल्या-मणी मात्र नकोत, घरात रांगतं बाळ असेल तर मुळीच नकोत.