देवनागरी टॅटू डिझाइन करताय? आधी भ चा म होणार नाही ना ते बघा

माझ्या मनगटावर पुतणीचं नाव आहे, आभा. आठ वर्षं झाली आणि आता लोक विचारतात ही आमा कोण. चूक टॅटू करणाऱ्याची नाही, डिझाइन माझंच होतं, लॅपटॉपवर झूम करून केलेलं आणि तिथे भारी दिसत होतं.

काय होतं की शाई कातडीच्या वरच्या थराखाली, साधारण एक-दोन मिलीमीटर आत बसते, तिथल्या पेशी ती गिळून धरून ठेवतात, त्या पेशी मेल्या की शाई सुटते आणि शेजारच्या दुसऱ्या पेशी ती परत गिळतात, हे असं वर्षानुवर्षं चालतं आणि त्यात कण थोडे थोडे सरकत राहतात. म्हणजे प्रत्येक रेघ जाड होणारच. त्यामुळे डिझाइन करताना रेघेपेक्षा रेघांमधल्या मोकळ्या जागेकडे बघायचं, कारण आधी बुजते ती तीच.

आणि देवनागरीत तर अख्खा अर्थच त्या मोकळ्या जागेवर चालतो. भ आणि म, ध आणि घ, यांच्यात फरक काय तर शिरोरेषेतली एक फट आणि छोटी गाठ. ब च्या पोटातली रेघ भरली की ब आणि व एकच. ष चा प होतो. अनुस्वार शिरोरेषेला चिकटला की तो नुसता फुगवटा. मी आता फट रेघेच्या निदान दुप्पट ठेवतो, भ आणि ध ची गाठ मुद्दाम मोठी आणि बाहेर वळलेली काढतो, आणि अनुस्वार जरा जास्तच वर. कागदावर ते थोडं बटबटीत दिसतं, दिसू दे.

सगळ्यात जास्त वाट लागते राजमुद्रेची. महाराजांवरचं प्रेम समजतं हो, पण 'प्रतिपच्चंद्रलेखेव'पासून 'राजते'पर्यंत बत्तीस अक्षरं, त्यात च्चं, र्धि, ष्णु, स्यै असली जोडाक्षरं, आणि लोकांना हवी असते दोन इंचांत! पाच सेंटीमीटरच्या अष्टकोनात सहा ओळी बसवल्या तर एका ओळीला जेमतेम आठ मिलीमीटर, त्यातून वरची वेलांटी खालचा उकार वजा केला की अक्षराला उरतात चारेक. दहा वर्षांनी 'भद्राय'चं 'मद्राय' झालेलं कुणाला आवडेल? एकतर दंडावर किंवा पाठीवर मोठी घ्या, नाहीतर सरळ एकच शब्द निवडा. मी तरी एका ओळीला दीड सेंटीमीटरच्या खाली जात नाही.

रंगाबद्दल फार बोलण्यासारखं नाही. काळा सगळ्यात जास्त टिकतो, पांढरा, पिवळा आणि फिकट पेस्टल आधी जातात, त्यात आपल्या सावळ्या कातडीखालून ते पहिल्या दिवसापासूनच मळकट दिसतात. रंग हवेच असतील तर आऊटलाइन काळी ठेवा, म्हणजे रंग गेला तरी आकार राहतो.

जागा निवडताना बोटं, तळहात, पाऊल, कोपर आणि मनगटाची घडी सोडा (मी सोडली नाही, बघताय ना). हाताची बाहेरची बाजू, दंड, पोटरी, खांद्यामागे बरं टिकतं, फक्त बाईकवर रोज ऊन खाणाऱ्या हाताला टॅटू बरा झाल्यावर सनस्क्रीन लावायचं.

आता टेस्ट. डिझाइन खऱ्या साइजमध्ये प्रिंट करा, कागद भिंतीला चिकटवा आणि सहा फुटांवरून वाचा. मग झेरॉक्सची झेरॉक्स, तिची परत झेरॉक्स असं चार-पाच वेळा काढा किंवा फोनमध्ये फोटो ब्लर करा, आणि ज्याला शब्द माहीत नाही अशा कुणाला तरी वाचायला द्या, स्वतः वाचू नका कारण तुम्हाला पाठ असतं. तो अडखळला तिथली जागा वाढवा. शेवटी तेच डिझाइन बारीक पेनने नाही तर जाड मार्करने काढून बघा, मार्करने जमलं नाही तर साइज लहान आहे.

आणि जमलं तर एखाद्या म्हाताऱ्या आज्जीच्या हातावरचं गोंदण नीट बघा. माझ्या आज्जीने अख्खं आयुष्य शेतात उन्हात काढलं, तिचं गोंदण हिरवट पडलं, कडा पसरल्या, पण तुळशीवृंदावन लांबूनही ओळखू यायचं, कारण ठिपक्याठिपक्यांत बोटभर जागा होती आणि गोंदणारणीने त्यात पानं-बिनं भरायचा मोह केलाच नव्हता. आभाचं काय ते विचारू नका, पुढच्या महिन्यात त्यावर एक जाड पान काढून घेतोय.