घरच्या घरी डेव्हलपर आणि फिक्सर: दोन पावडरींचा डी-२३

कॅमेऱ्याच्या फिल्मचे ब्लॅक अँड व्हाइट रोल घरी धुत असाल तर डेव्हलपर (फिल्मवर चित्र उमटवणारं द्रावण) एकदा स्वतः बनवून बघाच, आणि सुरुवात डी-२३ नेच करा, कारण कोडॅकच्या १९४० च्या दशकातल्या या फॉर्म्युल्यात दोनच पावडरी लागतात, १ लिटरला मेटॉल ७.५ ग्रॅम आणि सोडियम सल्फाइट १०० ग्रॅम. डी-७६ या कोडॅकच्याच दुसऱ्या डेव्हलपरला हायड्रोक्विनोन आणि बोरॅक्सपण लागतं, ते नंतर करू.

आधी खरेदी. लॅब केमिकलच्या दुकानात (मुंबईत प्रिन्सेस स्ट्रीटला बघा) मागताना डब्यावरचं नाव अक्षर न् अक्षर वाचा. सल्फाइट, सल्फेट आणि सल्फाइड ही तीन वेगळी केमिकल्स आहेत, सल्फेटने काम होणार नाही आणि सल्फाइडमध्ये ॲसिड पडलं तर विषारी गॅस निघतो. सल्फाइट 'ॲनहायड्रस' (पाण्याचा अंश नसलेलं) घ्या, हेप्टाहायड्रेट (पाण्याचा अंश असलेले खडे) मिळालं तर दुप्पट म्हणजे २०० ग्रॅम घालावं लागतं. वजनकाटा ०.१ ग्रॅम दाखवणारा हवा, किराण्याचा काटा चालणार नाही.

भांडी, चमचे, बाटल्या सगळं वेगळं ठेवा, स्वयंपाकघरात परत न्यायचं नाही. हातमोजे घालाच, मेटॉलने अनेकांना त्वचेची ॲलर्जी होते, आणि दमा असेल तर सल्फाइटची पूड उडू देऊ नका, खिडकी उघडी ठेवा.

आता मिक्सिंग. ७५० मिली डिस्टिल्ड वॉटर साधारण ५० अंशांपर्यंत गरम करा, बोअरचं जड पाणी नको, गाळ बसतो. त्यात चिमूटभर सल्फाइट टाका म्हणजे मेटॉल हवेने खराब होत नाही, मग सगळं मेटॉल घालून पूर्ण विरघळेपर्यंत ढवळा, आणि त्यानंतरच उरलेलं सल्फाइट थोडं थोडं करत घाला. हा क्रम उलटा केला की फसलं, कारण सल्फाइटच्या दाट पाण्यात मेटॉल विरघळतच नाही, पांढरे कण तरंगत राहतात. शेवटी गार पाणी घालून १ लिटर पूर्ण करा, बाटली गळ्यापर्यंत भरा, झाकण घट्ट लावा, नाव आणि तारीख लिहा. कोल्ड्रिंकची बाटली अजिबात नको, घरात लहान मुलं असतात.

फिक्सर, म्हणजे डेव्हलप झालेलं चित्र पक्कं करणारं द्रावण, त्याहून सोपा. हायपोचे (सोडियम थायोसल्फेट) खडे २५० ग्रॅम आणि सल्फाइट १५ ग्रॅम, १ लिटर पाण्यात. हायपो विरघळताना पाणी बर्फासारखं गार पडतं म्हणून गरम पाण्यातच घ्या. हा साधा फिक्सर आहे, त्यात व्हिनेगर वगैरे ॲसिड जास्त गेलं तर गंधक सुटून दुधाळ होऊ शकतो, म्हणून स्टॉप बाथऐवजी (डेव्हलपरचं काम थांबवणारं ॲसिडचं पाणी) साध्या पाण्याने दोनतीनदा खळबळून घ्या.

रोल धुताना डेव्हलपर २० अंशांवर हवा, आपल्याकडे उन्हाळ्यात नळाचं पाणीच ३० च्या आसपास असतं, तेव्हा बाटली बर्फाच्या पाण्यात उभी करा. वेळ म्हणाल तर तुमच्या फिल्मचा पातळ न केलेल्या डी-७६ चा जो टाइम आहे तिथून सुरू करा आणि निगेटिव्ह फिके आले तर पुढच्या रोलला मिनिटभर वाढवा. फिक्सरचा टाइम मात्र तपासूनच ठरवा, फिल्मचा कापलेला तुकडा त्यात टाका, पारदर्शक व्हायला जितका वेळ लागला त्याच्या दुप्पट वेळ रोल ठेवा.

वापरलेल्या फिक्सरमध्ये चांदी उतरलेली असते, तो कुंडीत किंवा गटारात ओतू नका. कॅनमध्ये साठवा आणि एक्स-रे फिल्मची चांदी काढणाऱ्यांकडे विचारा, बरेचदा ते घेतात.