डिसॅबिलिटी पेन्शन: टक्का मोठा, रक्कम शून्य. या चुका टाळा

गेल्या पावसाळ्यात सैन्यातले एक निवृत्त हवालदार प्लॅस्टिकच्या पिशवीत फाइल गुंडाळून माझ्याकडे आले. मेडिकल बोर्डाच्या, म्हणजे घरी जाताना तपासणाऱ्या लष्करी डॉक्टरांच्या, कागदावरचे '40 टक्के' त्यांनी पिवळ्या मार्करने रंगवले होते. "साहेब, एवढं स्पष्ट लिहिलंय, मग पैसे का नाहीत?" त्याच तक्त्यात शेवटच्या रकान्यात 'नेट असेसमेंट: निल', म्हणजे पेन्शनसाठी धरायचा टक्का शून्य, असं टाइप केलेलं होतं. चार वर्षांत तिथवर त्यांची नजर गेलीच नव्हती.

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. टक्का फक्त शरीराचं किती नुकसान झालं ते सांगतो. पैसे मिळणार की नाही ते कारणांच्या तक्त्यात ठरतं: आजार नोकरीमुळे झाला का, किंवा नोकरीमुळे बळावला का. दोन्हीकडे 'नाही' आलं की पत्रात एनएएनए (नोकरीमुळे झालाही नाही, बळावलाही नाही) ही चार अक्षरं येतात आणि 40 टक्क्यांचे पैसे शून्य होतात. म्हणून एएफएमएसएफ-16 हा मेडिकल बोर्डाचा फॉर्म हातात आला की आधी कारणांचा तक्ता वाचा, मग नेट असेसमेंट. टक्का सगळ्यात शेवटी. नेट असेसमेंट 20 टक्क्यांच्या खाली असेल तरी अर्ज अडतो. मात्र मुदतीआधीच 'इनव्हॅलिड' (नोकरीला अयोग्य) ठरवून घरी पाठवलं असेल तर अपंगत्व 20 टक्क्यांहून जास्त धरावं, असं सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये सुखविंदर सिंग प्रकरणात म्हटलं आहे.

'नाही' वाचून लोक गप्प बसतात, ही दुसरी चूक. धरमवीर सिंग हे सिग्नल्स, म्हणजे सैन्याच्या संदेशवहन दलातले जवान. 1985 मध्ये भरती झाले, 1994 मध्ये फिट्सच्या आजारामुळे घरी आले आणि पेन्शन नाकारली गेली. सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये त्यांच्या बाजूने निकाल दिला. भरतीच्या वेळी कागदावर आजाराची नोंद नसेल तर माणूस धडधाकट होता असंच धरायचं. पुढे बिघडलेली तब्येत नोकरीमुळे नाही, हे दाखवायची जबाबदारी सरकारची, आणि बोर्डाने त्याची कारणं लिहिलीच पाहिजेत. तुमच्या कागदावर 'पीस स्टेशनवर (शांततेच्या ठिकाणी) सुरुवात' एवढंच खरडलेलं असेल तर अपिलाचा पहिला मुद्दा तोच करा. फक्त 21 सप्टेंबर 2023 नंतर निवृत्त झाला असाल तर तुम्हाला नवे नियम लागतात. त्याआधीच्यांच्या नमुन्यावरून अपील उतरवून काढू नका.

आता फॉर्मच्या पहिल्या भागाकडे या. तो डॉक्टरांचा नसतो, तुमचा असतो, आणि बहुतेक जण तो क्लार्कला भरायला सांगून खाली सही ठोकतात. (मीही अशा सह्या घेतल्या आहेत, खोटं कशाला बोलू.) त्यात कुठे कुठे पोस्टिंग झालं, ते पीस की फील्ड, हे तारखांसह मागितलेलं असतं. पंधरा वर्षांत आठ ठिकाणं फिरलेल्या माणसाच्या फॉर्मवर मी दोनच ओळी पाहिल्या आहेत, आणि उंचावरची पोस्टिंग नेमकी गाळलेली. बोर्डाने मग ताण कुठला धरायचा? पुढचा प्रश्न असतो, भरतीआधी हा त्रास होता का? इथे खरं तेच लिहा. पण शाळेत असताना कधी गुडघा दुखला होता, त्याला आजाराचं नाव देऊ नका. दुखापत असेल तर आयएएफवाय-2006 हा इंज्युरी रिपोर्ट भरला गेला का, हे युनिटमध्ये असतानाच विचारून घ्या. निवृत्तीनंतर तो शोधणं म्हणजे गवताच्या गंजीत सुई.

टक्क्यांची बेरीज करू नका. बीपीचे 30 आणि साखरेचे 20 म्हणजे 50 होत नाहीत. बोर्ड 'कॉम्पोझिट' म्हणजे एकत्रित टक्का काढतं आणि तो आकडा बेरजेपेक्षा कमी येतो. जिल्हा रुग्णालयाचं दिव्यांग प्रमाणपत्रही इथे चालत नाही, त्याचा कायदा निराळा.

ब्रॉड बँडिंगचं, म्हणजे टक्का वरच्या टप्प्यावर धरण्याचं, मात्र नीट बघा. 50 च्या खाली असेल तर 50, 50 ते 75 असेल तर 75, आणि 76 पासून पुढे 100 धरतात. आधी हा लाभ आजारामुळे काढलेल्यांनाच मिळायचा. 10 डिसेंबर 2014 च्या राम अवतार निकालाने तो मुदत पूर्ण करून निवृत्त झालेल्यांनाही मिळाला. 100 टक्क्यांना शेवटच्या पगाराच्या 30 टक्के, असा हिशेब असतो. समजा तो पगार 40,000 होता, तर 20 टक्क्यांना महिना 2,400 आणि 50 धरले तर 6,000, वर महागाई भत्ता वेगळा. 'स्पर्श' या पेन्शनच्या पोर्टलवरचा पीपीओ (पेन्शनचा आदेश) उघडून तुमचा आकडा कोणत्या टक्क्याने काढलाय ते पडताळा. जुन्या निवृत्तांमध्ये इथेच घोळ सापडतो.

नकाराचं पत्र आलं की सहा महिन्यांत पहिलं अपील करा. तेही फेटाळलं तर पुढच्या सहा महिन्यांत दुसरं, आणि मग सशस्त्र सेना न्यायाधिकरण. त्याचं एक खंडपीठ मुंबईत आहे. उशीर झाला तर दार कायमचं बंद होत नाही, पण थकबाकी कापली जाते. तरसेम सिंग 1983 मध्ये घरी आले आणि न्यायालयात गेले 1999 मध्ये. 2008 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पेन्शनचा हक्क मान्य केला, पण मागचे पैसे अर्जाआधीच्या तीनच वर्षांचे दिले. थकबाकीतून टक्केवारी मागणाऱ्या एजंटला सही करण्याआधी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा. तिथे पैसे लागत नाहीत.

बोर्डाची प्रत जवळ नसेल तर सैन्याच्या रेकॉर्ड ऑफिसला माहिती अधिकारात मागा. त्या हवालदारांची प्रत सुदैवाने होती. अडलं होतं पोस्टिंगच्या यादीपाशी. अपील लिहायला बसलो तर त्यांना निम्म्या तारखा आठवेनात. शेवटी त्यांच्या मंडळींनी ट्रंकेतून पत्रांचा गठ्ठा आणला. प्रत्येक पाकिटावर युनिटचा पत्ता आणि टपालाचा शिक्का होता.