घर घेण्याआधीची तपासणी: या चुका टाळा

"सर, उद्या व्यवहार पक्का करतोय, सकाळी तासाभरात घर बघून द्याल का?" असा फोन आला की मला वाईटच वाटतं. घरं तपासून देणं हे माझं काम आहे आणि घरं सगळी वेगवेगळी असतात पण घेणाऱ्यांच्या चुका मात्र वर्षानुवर्षं त्याच. म्हणून एकदाचं लिहूनच काढतोय.

तपासणी सगळ्यात शेवटी ठेवणं

ही चूक सगळ्यात महागात पडते. पैसे दिले, सामान बांधायला घेतलं, मग तपासणी. तेव्हा काही सापडलं तरी मागे फिरायची कोणाची तयारी नसते, आणि मग रिपोर्ट नुसता फाइलला लावायला उरतो.

एका जोडप्याचं सांगतो. घरात लहान बाळ, भाड्याचं घर सोडायची तारीख डोक्यावर, आणि मला बोलावलं व्यवहाराच्या आदल्या दिवशी. घर दोन महिने रिकामं होतं. सगळ्या भिंतींचा रंग जुना आणि बेडरूमची एकच भिंत नवीन रंगवलेली, तीही नेमकी बाथरूमला लागून असलेली. ओल मोजायचा मॉइश्चर मीटर लावला तर भिंत कोरडी. पण दोन महिने कोणी आंघोळच केली नाही तर भिंत कोरडी असणारच ना! मी म्हटलं, नहाणी ट्रॅप (फरशीतलं पाणी जायचं भोक) बंद करून दोन-तीन सेंटिमीटर पाणी भरू, 24 तास ठेवू, आणि उद्या खालच्या घरात जाऊन छत बघू. ते म्हणाले, सर एवढा वेळ नाहीये, वरवर ठीक दिसतंय ना तेवढं सांगा. मी रिपोर्टमध्ये स्पष्ट लिहिलं की बाथरूमची पाण्याची चाचणी झालेली नाही, ती केल्याशिवाय पुढे जाऊ नका. ते पुढे गेले.

राहायला येऊन तिसऱ्या आठवड्यात खालच्या घरातले लोक वर आले, त्यांच्या छतातून थेंब पडत होते. बाथरूमच्या टाइल्स काढल्या, खालचं सगळं उकरलं, वॉटरप्रूफिंग नव्याने केलं, आणि तेवढे दिवस ते बाळाला घेऊन नातेवाईकांकडे. विकणाऱ्याने हात वर केले. आधी सापडलं असतं तर हाच खर्च त्याच्याकडून करून घेता आला असता किंवा किमतीतून कमी करता आला असता. मी त्या दिवशी अजून जोर लावायला हवा होता असं मला आजही वाटतं. तेव्हापासून एक दिवसही हातात नाही असं काम मी घेतच नाही.

पाण्याला वेळ लागतो, ते तुमच्या तारखेप्रमाणे गळत नाही. घर रिकामं असेल तर आधी सगळे नळ, फ्लश, शॉवर चालवा, ड्रेनेजला भरपूर पाणी सोडा, बाथरूम भरून ठेवा. भरताना पाण्याच्या पातळीला पेन्सिलने खूण करा म्हणजे दुसऱ्या दिवशी वाद नको. थोडं पाणी उडून जाणारच, पण पातळी बरीच उतरली तर कुठेतरी वाट आहे. आणि खालच्या घरात जायला लाज वाटून घेऊ नका, दोन मिनिटं विचारायला लागतात.

मोबाइलला जोडायचा थर्मल कॅमेरा घेतला म्हणजे झालं असं समजणं

हल्ली हे फार वाढलंय. थर्मल कॅमेऱ्याला पाणी दिसत नाही, त्याला पृष्ठभागाच्या तापमानातला फरक दिसतो. ओल सुकताना भिंत गार पडते म्हणून तिथे डाग दिसतो, पण गळती बंद असेल तर काहीच दिसणार नाही आणि एसीच्या गार हवेनेही तसाच डाग दिसू शकतो. मॉइश्चर मीटरचंही तेच. पिना टोचायचा मीटर विजेचा अडथळा मोजतो, भिंतीला लोणा असेल तर त्या क्षारांमुळे आकडा उगाच वर जातो. यंत्रं मीही वापरतो, पण ती कुठे नीट बघायचं तेवढं सांगतात. शॉर्टकट मारणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

सगळ्या भेगा एकाच मापाने मोजणं

कोणी केसाएवढी भेग बघून घर सोडतं, कोणी बोट जाईल एवढी भेग बघून "प्लास्टरची आहे" म्हणतं. प्लास्टर सुकताना बारीक भेगा पडतात, त्यांचं फारसं काही नाही. खिडकीच्या किंवा दाराच्या कोपऱ्यातून तिरकी गेलेली, एका टोकाला जास्त रुंद झालेली, विटांच्या सांध्यांतून पायऱ्यांसारखी उतरलेली, भिंतीच्या दोन्ही बाजूंना दिसणारी, किंवा बुजवून परत उघडलेली भेग असेल तर तिथे थांबा आणि स्ट्रक्चरल इंजिनियरला दाखवा.

स्लॅबच्या खालून सळईच्या रेषेत भेग असेल किंवा काँक्रीटचे पोपडे सुटले असतील तर ते अजून गंभीर. लोखंड गंजलं की गंजाचं आकारमान मूळ लोखंडाच्या 2 ते 6 पट होतं, आणि तो गंज आतून काँक्रीट फोडतो. वरून सिमेंट थापून ते थांबत नाही. मी छोट्या हातोडीने हलकेच वाजवत जातो, जिथे बद्द, पोकळ आवाज येतो तिथे खडूने गोल. टाइल्सनाही तसंच करतो. फरशीच्या उतारासाठी माझ्या पिशवीत एक गोटी असते, बाथरूममध्ये ती ट्रॅपकडे जायला पाहिजे, दाराकडे नाही.

विकणाऱ्याने किंवा एजंटने सुचवलेला माणूस घेणं

माणूस चांगलाही असेल, पण त्याचं पुढचं काम कोणाकडून येणार? तुमचा माणूस तुम्ही शोधा. आणि जो तपासतो त्यालाच दुरुस्ती देऊ नका. अमेरिकन सोसायटी ऑफ होम इन्स्पेक्टर्स ही 1976 सालची संस्था, तिच्या नियमात तपासलेल्या घराची दुरुस्ती पैसे घेऊन करायला इन्स्पेक्टरला एक वर्ष बंदी आहे. नियम असो नसो, मी हेच पाळतो.

तपासणीला स्वतः न जाणं

या. माझ्या मागे मागे फिरा, प्रश्न विचारा. फोटोत ओल कळत नाही, हात लावल्यावर कळते. आणि रिपोर्टमध्ये "तपासता आले नाही" असं जिथे लिहिलंय ते आधी वाचा. आम्ही भिंत फोडत नाही, कपाट सरकवत नाही, त्यामुळे जे दिसलं नाही त्याची यादीही तितकीच महत्त्वाची असते. नवखे लोक शेवटचं पान वाचतात आणि "एकूण ठीक आहे ना?" विचारतात, मला याचं उत्तर देताच येत नाही.

बाकीच्या छोट्या चुका भराभर सांगतो. नवीन घराला तपासणी नको असं समजू नका, तिथे तर नळ-पाइप अजून कोणी नीट वापरलेच नसतात. आरसीसीबीचं (विजेची गळती झाली की वीज तोडणारा स्विच) टेस्ट बटण दाबून वीज गेली म्हणजे अर्थिंग आहे असं होत नाही, ते बटण फक्त आरसीसीबी चालतोय का एवढंच सांगतं, अर्थिंग वेगळं मोजून घ्या. दाराच्या चौकटीच्या मागे पेन्सिलएवढी मातीची नळी दिसली तर ती वाळवी, पुसून टाकू नका, आधी फोटो काढा.

आणि विकणाऱ्याने "दुरुस्त केलं" म्हटलं की परत जाऊन बघा. टाइल्स बसवायच्या आधी वॉटरप्रूफिंगचे फोटो मागा, आणि टाइल्स बसल्यावर पुन्हा तेच पाणी, तेच 24 तास, तीच पेन्सिलची खूण.