उवा घालवायच्या तर फणीच्या तारखा पाळा

एकदा बसून भरपूर उवा काढल्या, डोकं स्वच्छ दिसलं, म्हणून फणी ठेवून दिली आणि तीन आठवड्यांत पुन्हा खाज सुरू झाली, असं फार घरांत होतं. लोक औषधाला दोष देतात, पण बहुतेक वेळा गणित चुकतं ते दिवसांचं. लीख घातल्यापासून साधारण 6 ते 9 दिवसांनी फुटते. त्यातून निघालेलं पिलू स्वतः अंडी घालायला लागेपर्यंत आणखी आठवडाभर तरी जातो. पहिल्या दिवशी तुम्ही मोठ्या उवा काढता, पण लिखा केसांना चिकटलेल्याच राहतात. त्या फुटल्या की नवी पिढी तयार.

म्हणून फणी फिरवायचे दिवस ठरवून टाका: पहिला, पाचवा, नववा आणि तेरावा. सतराव्या दिवशी फक्त तपासणी. दर चार दिवसांनी फणी फिरली, तर मधल्या काळात फुटलेलं पिलू मोठं होण्याआधीच निघून येतं. तारखा कॅलेंडरवर लिहून ठेवा. तेरावा दिवस सर्वांत जास्त चुकतो, कारण तोवर खाज थांबलेली असते.

सुरू करण्याआधी उवा खरंच आहेत का ते पाहा. नुसत्या लिखा दिसल्या म्हणून उपचार करू नयेत. जिवंत, चालणारी ऊ सापडली पाहिजे. मोठी ऊ तिळाएवढी असते आणि उजेड पडला की झटकन सरकते, त्यामुळे कोरड्या केसांत ती सहज हुकते. कानामागे आणि मानेवर आधी शोधा. ताजी लीख टाळूपासून साधारण 6 मिलिमीटरच्या आत, केसाच्या एका बाजूला घट्ट चिकटलेली असते. बोटाने ढकलली तर कोंडा निसटतो, लीख जागची हलत नाही. केस महिन्याला साधारण 1 सेंटीमीटर वाढतात, म्हणजे टाळूपासून त्याहून लांब दिसणारी पांढरी लीख बहुधा रिकामं टरफल असते.

आता मुख्य काम. फणी धातूची, दात लांब आणि इतके जवळ हवेत की दोन दातांमधली फट 0.3 मिलिमीटरहून कमी असेल. प्लास्टिकच्या फणीचे दात वाकतात आणि पिलं मधून निसटतात. केस साध्या शाम्पूने धुवा, भरपूर कंडिशनर लावा आणि धुऊन न टाकता मोठ्या दातांच्या कंगव्याने सगळा गुंता सोडवा. गुंता राहिला तर फणी अडकते, मूल रडतं आणि काम अर्धवट सुटतं. ओल्या, बुळबुळीत केसांत उवांना पटकन पळता येत नाही. कंडिशनर नसेल तर तेल चालेल.

केसांचे चार भाग करून क्लिपा लावा. एका वेळी फणीच्या रुंदीपेक्षा अरुंद बट घ्या. फणीचे दात टाळूला टेकवून सुरुवात करा आणि एका दमात टोकापर्यंत ओढा. टाळूपासून बोटभर वरून सुरू केलेली फणी निरुपयोगी, कारण उवा आणि ताज्या लिखा त्याच बोटभर जागेत असतात. प्रत्येक वेळी फणी पांढऱ्या कागदी रुमालावर पुसून पाहा. एकाच बटेतून वरून, खालून आणि दोन्ही बाजूंनी फणी फिरवा. पूर्ण डोकं झालं की केस धुवा आणि ओल्या केसांतून पुन्हा एकदा सगळी फेरी करा. लांब, दाट केसांना तासभर लागतो. तेवढा वेळ काढूनच बसा. तेराव्या दिवसापर्यंत जिवंत ऊ निघत असेल, तर पुढेही दर चार दिवसांनी चालू ठेवा.

औषध वापरायचं असेल तर 1 टक्का परमेथ्रिनचं लोशन सर्रास मिळतं. त्यात चुका ठरलेल्या होतात. आधी कंडिशनर लावलं की औषध केसाला नीट बसत नाही. केस निथळते ओले असले तर ते पातळ होतं, म्हणून टॉवेलने टिपून घ्या. मुळापासून टोकापर्यंत केस भिजायला हवेत. लांब केसांना एक बाटली पुरतेच असं नाही. 10 मिनिटांनी कोमट पाण्याने, डोकं पुढे वाकवून धुवा आणि डोळ्यांवर टॉवेल धरा. नंतर एक-दोन दिवस पुन्हा केस धुऊ नका. हे औषध लिखा पुरत्या मारत नाही, म्हणून नवव्या दिवशी दुसरा हात द्यावाच लागतो. आठ-बारा तासांनी उवा मंद हलताना दिसल्या तर थांबा, फणीने काढा. पहिल्यासारख्याच पळत असतील, तर त्या औषधाला दाद देत नाहीत. अशा वेळी तेच पुन्हा पुन्हा लावू नका, डॉक्टरांना विचारून दुसरं घ्या. डायमेथिकोनचं लोशन हा चांगला पर्याय आहे; ते विषासारखं काम न करता उवेला बाहेरून वेढून टाकतं. किती वेळ ठेवायचं ते उत्पादनागणिक बदलतं, म्हणून वेष्टनावरच्या सूचना पाळा. काही लोशनं पेट घेणारी असतात, त्यामुळे केसांत लोशन असताना गॅस आणि ड्रायर दूर ठेवा.

रॉकेल, पेट्रोल किंवा घरातली कीटकनाशकं डोक्याला कधीही लावू नका. त्याने जीवघेणं भाजल्याच्या आणि विषबाधेच्या घटना होतात.

त्याच दिवशी घरातल्या सगळ्यांची डोकी तपासा. औषध मात्र ज्यांच्याकडे जिवंत ऊ सापडेल त्यांनाच. उवा उडत नाहीत, उड्या मारत नाहीत, डोक्याला डोकं लागलं की पसरतात. केसांच्या स्वच्छतेशी त्यांचा संबंध नाही, तेव्हा मुलाला त्यावरून बोल लावू नका. डोक्यावरून पडलेली ऊ एक-दोन दिवसांत मरते, म्हणून घरभर फवारणी नको. गेल्या दोन दिवसांत वापरलेल्या उशांचे अभ्रे, टॉवेल, टोप्या 54 अंशांहून गरम पाण्यात धुवा, कंगवे तशाच पाण्यात 10 मिनिटं बुडवा. एवढं पुरे.

2 महिन्यांखालच्या बाळाला परमेथ्रिन लावू नका, त्याच्यासाठी फणीच. गरोदरपणात आणि दम्याच्या रुग्णांनी कोणतंही औषध विचारूनच घ्यावं. खाजवून टाळूवर पू आला, खपल्या धरल्या किंवा मानेत गाठी आल्या तर डॉक्टरांकडे जा. उवा गेल्यावरही खाज आठवडा-दोन आठवडे टिकू शकते. ती त्यांच्या लाळेची ॲलर्जी असते. फणीत जिवंत ऊ येत नसेल तर पुन्हा औषध लावू नका.