कुठलं काम कुठल्या दारात: कोकणातल्या घरासाठी

कोकणात ‘तुमचं गाव कुठलं?’ या प्रश्नाला सरकारी कागदावर एकच उत्तर नसतं. वाडी एका महसुली गावात, ग्रामपंचायत दोन-तीन गावांची मिळून, तलाठी बसतो तिसऱ्याच गावी आणि आरोग्य उपकेंद्र खाडीपलीकडे. तालुक्याचं नाव आणि ठिकाण एकच असेल असंही नाही. संगमेश्वर तालुक्याचं तहसील कार्यालय देवरुखला आहे. सिंधुदुर्गाचं जिल्हा मुख्यालय ओरोसला आहे, मालवणच्या किल्ल्याशी त्याचा संबंध नावापुरता. बरेचसे हेलपाटे कागद कमी पडल्याने नाही, तर चुकीच्या दारात गेल्याने होतात.

म्हणून अर्जाच्या आधी घरातल्या एका वहीच्या पहिल्या पानावर एवढं लिहून ठेवा: महसुली गाव (सातबाऱ्यावर असतं ते), ग्रामपंचायत, तलाठी सजा (एका तलाठ्याकडची गावं), महसूल मंडळ (काही सजांचा मिळून गट), प्राथमिक आरोग्य केंद्र आणि उपकेंद्र, अंगणवाडी, रेशन दुकानाचा क्रमांक, शिधापत्रिकेचा बारा अंकी नंबर, पोलीस ठाणं. यातलं निम्मं आशाताई जागेवर सांगते, कारण ती घरोघर फिरते. उरलेलं पोलीस पाटलाला विचारा. २०२४ पासून तलाठ्याचं पदनाम ‘ग्राम महसूल अधिकारी’ आणि ग्रामसेवकाचं ‘ग्रामपंचायत अधिकारी’ झालं आहे. दारावरची पाटी बदललेली दिसली तरी माणूस तोच, काम तेच.

या दोघांची कामं मात्र वेगळी. जमीन, पीक, वारस, उत्पन्नाची चौकशी तलाठ्याकडे. जन्म, मृत्यू, लग्नाची नोंद, घरपट्टी, घरकुलाची यादी ग्रामपंचायतीकडे. सगळ्यात जास्त घोळ ‘आठ’ या आकड्याचा होतो. ग्रामपंचायतीचा नमुना ८ म्हणजे घराच्या कर आकारणीचा उतारा, ज्याला आपण असेसमेंट म्हणतो. तलाठ्याचा ८अ म्हणजे जमिनीच्या खात्याचा उतारा. कारकुनाने ‘आठचा उतारा आणा’ म्हटलं, की ‘घराचा की जमिनीचा?’ एवढं तिथेच विचारून घ्या. एका तलाठ्याकडे दोन-तीन सजे असणं नेहमीचंच, तेव्हा फोन केल्याशिवाय निघू नका. तालुक्याची सरकारी कार्यालयं शनिवार-रविवार बंद असतात आणि एरवी पावणेदहा ते सव्वासहा चालतात. शुक्रवारी रात्री मुंबईहून निघालेल्या चाकरमान्याच्या हाती त्यामुळे काहीच लागत नाही. यायचंच तर सोमवार धरून या.

जन्माची नोंद. बाळ जिथे जन्मलं तिथे नोंद होते, आईवडील राहतात तिथे नाही. पहिलं बाळंतपण माहेरी झालं असेल, तर सासरच्या ग्रामपंचायतीत दाखला शोधू नका, तो तिथे नसतोच. २१ दिवसांच्या आत नोंद विनाशुल्क होते, पुढे विलंब शुल्क लागतं, आणि वर्ष उलटलं की दंडाधिकाऱ्याचा आदेश लागतो. हॉस्पिटलमध्ये जन्म झाला तर कळवण्याची जबाबदारी हॉस्पिटलची, पण तिथून सुटताना आईवडिलांच्या नावांचं स्पेलिंग आधारशी जुळवून बघा. ‘सावंत’च्या इंग्रजी स्पेलिंगमधलं एक अक्षर इकडचं तिकडे झालं, तरी ते शाळेपासून पासपोर्टपर्यंत नडतं. नाव ठरलं नसेल तर नावाशिवाय नोंद करा. वर्षभरात नाव फुकट घालता येतं, नंतर पंधरा वर्षांपर्यंत शुल्क भरून.

रेशन कार्ड. मुंबई-गाव अशी विभागलेली घरं इथेच अडकतात. एक आधार दोन कार्डांवर चढत नाही. म्हणून सुनेचं नाव सासरच्या कार्डात घालायचं तर आधी माहेरच्या कार्डातून कमी करून तसा दाखला आणावा लागतो. मुंबईच्या कार्डातून नाव कमी करायचं असेल तर काम तिथल्या शिधावाटप कार्यालयात होतं. गावच्या तहसीलच्या पुरवठा शाखेला ते करता येत नाही. नुसतं धान्यच हवं असेल, तर नाव हलवायची गरजच नाही: अंत्योदय आणि प्राधान्य कुटुंब कार्डांवरचं धान्य कुठल्याही रेशन दुकानात अंगठा देऊन मिळतं. अंत्योदयला घरामागे ३५ किलो, प्राधान्य कुटुंबाला माणशी ५ किलो. दुकानदार कमी मापत असेल किंवा पावती देत नसेल तर १९६७ वर तक्रार करा. ई-केवायसी (आधारवरून ओळख पटवणं) राहिलेल्या माणसाचं धान्य थांबतं. ती जवळच्या कुठल्याही रेशन दुकानात होते.

दाखले. उत्पन्न, रहिवास (डोमिसाईल), जातीचा दाखला, नॉन क्रिमीलेअर हे सगळं आपले सरकार सेवा केंद्रातून किंवा पोर्टलवरून करा. या दाखल्यांच्या प्रतिज्ञापत्राला स्टॅम्प पेपर लागत नाही, मुद्रांक शुल्क माफ आहे. तहसीलबाहेर कोणी बाँड घ्यायला लावत असेल तर सरळ नाही म्हणा. उत्पन्नाच्या दाखल्यात मुंबईतल्या कमावत्याचा पगारही धरायचा असतो. तो लपवला तर दाखला पुढे शिष्यवृत्तीच्या पडताळणीत अडकतो.

जातीच्या दाखल्याला जुना पुरावा लागतो: इतर मागासवर्गाला १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा, अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५०, विमुक्त-भटक्यांना २१ नोव्हेंबर १९६१. आजोबांचा शाळेचा निर्गम उतारा (शाळेच्या रजिस्टरातल्या नोंदीची नक्कल) गावच्या जिल्हा परिषद शाळेतून मिळवा. शाळा बंद झाली असेल तर रजिस्टर कुठे गेलं, ते केंद्रप्रमुखाला विचारा. तेही नसेल तर तहसीलच्या अभिलेख कक्षात गाव नमुना १४, म्हणजे जुनं जन्म-मृत्यू रजिस्टर बघा. जुन्या नोंदींत आडनाव नसणं सर्रास चालतं, ‘गोविंद सखाराम’ एवढंच असतं. तेव्हा वंशावळ जोडून नाती दाखवावी लागतात.

अर्जाची पोचपावती जपून ठेवा. २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याने प्रत्येक सेवेला मुदत ठरवून दिली आहे, आणि ती कार्यालयातल्या फलकावर लावलेली असायला हवी. मुदत टळली किंवा कारण न देता अर्ज नाकारला, तर ३० दिवसांत पहिलं अपील करा. अपील ऑनलाइन होतं. कसूर करणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो, आणि बहुतेकदा अपिलाची नुसती नोंद झाली तरी फाईल हलते.

आईबाळ. बाई गरोदर आहे असं कळल्याबरोबर आशाताई आणि अंगणवाडीताई दोघींकडे नाव घाला. मातृवंदना योजनेत पहिल्या बाळाला ५,००० रुपये दोन हप्त्यांत, आणि दुसरी मुलगी झाली तर ६,००० एकरकमी. १ एप्रिल २०२३ नंतर जन्मलेल्या मुलीला लेक लाडकी योजनेत टप्प्याटप्प्याने एकूण १,०१,००० मिळतात, पण कार्ड पिवळं किंवा केशरी हवं. पांढऱ्या कार्डावर हा अर्ज चालत नाही.

मंजूर झालेले पैसे खात्यात आलेच नाहीत, तर आधी आधारचं बँक सीडिंग, म्हणजे आधार कुठल्या खात्याला जोडलं आहे ते, तपासा. पैसा अर्जात लिहिलेल्या खात्यात न जाता आधार ज्या बँकेला शेवटचं जोडलं त्या खात्यात जातो, आणि ते खातं पूर्वी मुंबईत उघडून विसरलेलं निघतं. दुसरी अडचण ओटीपीची. सासऱ्यांच्या आधारला मुलाचा मुंबईचा नंबर असतो. सेवा केंद्रात जाण्याआधी मुलाला फोन करून त्याची मोकळी वेळ ठरवा, ओटीपी काही मिनिटांतच बाद होतो.

दवाखाना. रुग्णवाहिकेच्या १०८ ला वाडीचं नाव सांगून भागत नाही. मुख्य रस्त्यावरचा एसटी थांबा, देऊळ, जिल्हा परिषद शाळा अशी खूण सांगा आणि एक माणूस बॅटरी घेऊन फाट्यावर उभा करा. महात्मा फुले जनआरोग्य योजना आता कुठल्याही रंगाच्या कार्डाला लागू आहे, कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत. पण ती फक्त यादीतल्या उपचारांना आणि अंगीकृत, म्हणजे योजनेत घेतलेल्या, रुग्णालयातच. ऑपरेशनची तारीख घेण्याआधी तिथल्या आरोग्यमित्राकडे, म्हणजे योजनेच्या माणसाकडे, मंजुरी घ्या. आधी बिल भरून नंतर पैसे मागायची सोय समजू नका. कोल्हापूरला किंवा गोव्यात बांबोळीला न्यायचं ठरलं, तर योजनेच्या १५५३८८ या नंबरवर विचारून मगच गाडी सांगा.

निराधार, विधवा, वृद्ध. संजय गांधी आणि श्रावणबाळ योजनेचे अर्ज तहसीलला. उत्पन्नाची मर्यादा वर्षाला २१,००० आहे, त्यामुळे बरेच अर्ज दाराबाहेरच अडतात. मुलाचं घर आणि पगार वेगळा असेल, तर विभक्त रेशन कार्ड आधी करून घ्या. दारिद्र्यरेषेखालच्या घरातला कर्ता १८ ते ५९ वयात गेला तर एकदाच २०,००० रुपये मिळतात. दुःखात हा अर्ज राहून जातो. नवऱ्याशी किंवा भावकीशी कोर्टाची वेळ आली, तर बायकांना उत्पन्नाची अट न लावता फुकट वकील मिळतो. तालुक्याच्या कोर्टातल्या विधी सेवा समितीत जा किंवा १५१०० वर बोला.

वादळ, अतिवृष्टी. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर श्रीवर्धनपासून दापोली-मंडणगडपर्यंत नारळी-पोफळी आडव्या झाल्या. अशा वेळी पंचनामा तलाठी, कृषी सहायक आणि ग्रामसेवक मिळून करतात. पडलेलं झाड तोडण्याआधी फोटो काढा, शक्यतो शेजारी ओळखीची खूण येईल असा. झाडं मोजून आकडा स्वतः लिहून ठेवा आणि पंचनाम्यावर सही करण्यापूर्वी तो जुळवा. इथली खरी गाठ सातबाऱ्यावर असते: एका बागेला पंधरा-वीस सहहिस्सेदार, त्यातले निम्मे विरार-डोंबिवलीला. बाग राखणाऱ्याच्या खात्यात मदत यायची तर बाकीच्यांचं संमतीपत्र लागतं. ते जूनमध्ये गोळा होत नाही. गणपतीत सगळी भावकी एका छताखाली असते, तेव्हा कागद आधी लिहून तयार ठेवा आणि आरती झाली की सह्या घ्या, गौरी-गणपतीच्या विसर्जनाआधी. नंतर ज्याला त्याला परतीची गाडी पकडायची असते.