डच गुलाबाच्या पानांच्या कडा करपत होत्या

दिंडोरीकडच्या आमच्या पॉलीहाऊसमध्ये उन्हाळ्यात गुलाबाची दांडी आखूड निघू लागली, जुन्या पानांच्या कडा करपल्या. ठिपके कुठेच नव्हते, त्यामुळे बुरशीचा संशय नव्हता. ठिबकच्या ड्रिपरभोवती क्षारांचा पांढरा थर होता. बोअरच्या पाण्याचा ईसी (विरघळलेल्या क्षारांचं माप) १.८ आला, गुलाबाला १ च्या आत बरा. क्षार वाढले की बेड ओला असूनही मुळांना पाणी ओढता येत नाही, झाड तहानलेलंच राहतं.

शेततळ्यातलं पावसाचं पाणी निम्मं मिसळलं, बेड भरपूर पाण्याने धुऊन काढले (निचरा चांगलाच हवा, नाहीतर मुळं कुजतात). म्युरेट ऑफ पोटॅश या क्लोराईड असलेल्या खताऐवजी सल्फेट ऑफ पोटॅश सुरू केलं, क्लोराईड टळलं. करपलेली पानं परत हिरवी होत नाहीत, नवीन फूट बघा. आमची लालसर, तजेलदार आली आणि दांडीही लांबली.